पंक्चर नावाचा पक्षी

आमच्या यांनी इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, लग्न झाल्या झाल्या, की मी त्यांच्या पान्या-पकडींना हात लावू नये. आणि दुसरी, यंदा, एक दुर्बीण.

सकाळचा चहा चालला होता. "अगं, एक दुर्बीण घ्यावी म्हणतो," हे म्हणाले. मी म्हटलं, या वयात काय बघायचं राहिलंय, समोरच्यांचं स्वयंपाकघर? एरवी अशा टोमण्यावर हे मिशीतल्या मिशीत हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पंक्चर कुठं गेला ते शोधायचंय." मी कप खाली ठेवला. कारण नेमका त्याच वेळी, खिडकीबाहेरच्या तुतीच्या झाडावर बसून पंक्चर जीव तोडून ओरडत होता.

जरा मागून सांगते. हे मोटार मेकॅनिक. आमचं घर लांबट आहे. रस्त्याला लागून गॅरेज, त्याच्या मागे बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग मागचं दार आणि परसात तुतीचं झाड. सगळी दारं एका रेषेत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, घर बांधणाऱ्याला वळायचा कंटाळा आला असावा. पुढून ऑइलचा वास यायचा, मागून पाखरांचा कलकलाट, आणि दोघांच्या मध्ये मी चहा करत उभी.

यांचं सगळं नाव कानावर होतं. गाडी अजून वळणावर असतानाच हे आतून सांगायचे, की हिचं दुसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिनसलंय. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. पंक्चर शोधायला बाकीचे लोक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतात. यांना घमेलं लागायचं नाही. फुगवलेली ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवत न्यायची. आधी बारीक 'सीऽ' कानाला कळायची, मग हवेची फुंकर गालाला लागायची. "सापडलं," म्हणायचे, आणि त्या जागी खडूने खूण करायचे. दिवसातून कितीदा तरी तो शब्द भिंतीपलीकडून माझ्या कानावर पडायचा आणि मला उगाच बरं वाटायचं.

पाखरांचंही तेच. यांना एकाही पक्ष्याचं पुस्तकातलं नाव माहीत नाही. आवाजावरून यांनीच त्यांना नावं ठेवलेली, आणि नावं ठेवण्याची एवढी एकच जात कौतुकाची असते. खर्रर्र करून मध्येच बंद पडणारा तो स्टार्टर. ढिल्या पट्ट्यासारखा कुरकुरणारा तो फॅनबेल्ट. दुपारभर एकाच सुरात ठक् ठक् करत पत्रा ठोकत बसणारा तो डेंटिंगवाला. आणि सगळ्यांत लाडका पंक्चर. अंगठ्याएवढा, हिरवा, डोळ्यांभोवती पांढरी कडी, आणि ट्यूबमधून हवा निसटावी तसा आवाज: सी, सीऽ, सी. तुतीत बसला की पान कुठलं आणि पंक्चर कुठला हे मला कधी कळलं नाही. यांना बघायची गरजच नव्हती. दात घासता घासता, मान वर न करता म्हणायचे, "आला बघ. उजवीकडच्या फांदीवर आहे."

मग हळूहळू जग बिघडायला लागलं. निदान यांच्या मते तरी.

आधी कुकरची शिट्टी बिघडली. यांनी ती उघडली, साफ केली, पुन्हा बसवली. कुकर पूर्वीसारखाच बोंबलत होता, पण यांचं समाधान होईना. शेवटी नवी शिट्टी आणली आणि तीही कुचकामी ठरवली. मग दाराची घंटा. मग भिंतीवरचं घड्याळ, त्याची टिकटिक म्हणे बंद पडली होती आणि काटे मात्र कसे कोण जाणे फिरत होते. हातात कसब असलेल्या माणसाचं हेच असतं. काही बिघडलं की तो आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतो, आरशात बघत नाही. यांनी घरातली एकेक धडधाकट वस्तू खोलून दुरुस्त केली.

गाड्यांबद्दल म्हणायचे, हल्लीच्या इंजिनांना आवाजच नाही. ते काही अंशी खरंही होतं, म्हणून मी मान डोलवायचे. पण एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी यांनी ब्रेक ठीक आहेत म्हणून परत दिली, आणि तो माणूस संध्याकाळी पुन्हा दारात आला. त्याचे ब्रेक असे किंचाळत होते की मला स्वयंपाकघरात दातावर शिरशिरी आली. हे गाडीशेजारी उभे होते आणि त्याच्या तोंडाकडे बघत होते. काम यांनी फुकट करून दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत शटर खाली ओढलं. विचारणाऱ्याला सांगायचे, आता गाड्या कॉम्प्युटर तपासतो, माझं काय काम.

आमची लेक परगावी असते. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, वयाबरोबर बारीक आणि उंच आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. बाबांचे कान तपासून घे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पाखरांतला एकटा डेंटिंगवालाच यांना अजून कसा ऐकू येतो. हे तर अंगणात उभे राहून म्हणायचे, "सगळी पोरं सोडून गेली गं. हा एकटा राहिला." पलीकडे नवी इमारत उठली होती, तिथली झाडं तोडली होती. त्या इमारतीला यांनी इतक्या शिव्या घातल्या, की तिचा मालक ऐकता तर त्याला उचकी लागली असती.

आता कोणी म्हणेल, मग सरळ सांगायचं होतंत. सांगून बघितलं होतं. घंटा वाजत होती, माझे हात साबणाने भरलेले, आणि हे दारापासून दोन पावलांवर पेपर वाचत बसलेले. माझी जीभ मुळातच तिखट. मी बाहेर येऊन म्हटलं, तुम्हाला ऐकू येत नाही हे एकदाचं कबूल का करत नाही? यांनी पेपरची नीट घडी घातली आणि गॅरेजमध्ये जाऊन दिवा न लावता, बंद शटरच्या आत, स्टुलावर बसून राहिले. मी दोनदा डोकावून आले. यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. कान हा यांच्या शरीराचा भाग नव्हता, तो यांचा हुद्दा होता. गॅरेज गेलं तरी हुद्दा शिल्लक होता, आणि तो मी भांड्यांच्या साबणाबरोबर धुऊन टाकायला निघाले होते. मी ठरवलं, पुन्हा हा विषय काढायचा नाही. लेकीलाही तंबी दिली.

म्हणून दुर्बीण म्हटल्यावर मला धडकी भरली. दुर्बिणीला कान नसतात, पण ती चोच दाखवते. एकदा का यांनी तुतीकडे दुर्बीण वळवली आणि पानांत बसलेला पंक्चर चोच उघडताना दिसला, की संपलं. मग कुठल्या इमारतीला शिव्या घालणार?

नाही म्हणावं, तर ज्या माणसाने कधी स्वतःसाठी नवी चप्पलसुद्धा मागितली नाही, त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, बघू, खिशाला झेपेल अशी मिळाली तर घेऊ.

पहिल्यांदा गेलो ते रस्त्याकडेच्या एका गाडीवर. तिथे खेळणी, टॉर्च, गॉगल आणि त्यांच्यातच दोन-चार दुर्बिणी टांगलेल्या. काचा लाल चकचकीत. गाडीवाला म्हणाला, वीस पट मोठं दिसतं, टेकडीवरची मुंगी दिसेल. यांनी ती डोळ्यांना लावली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि चेहरा आंबट करून मला दिली. मला एकाच्या जागी दोन विजेचे खांब दिसले. "अलाइनमेंट गेलंय," हे म्हणाले. "एक डोळा या गावाला निघालाय, दुसरा त्या गावाला." गाडीवाला हसला आणि भाव निम्म्यावर आणला. हे म्हणाले, फुकट दिलीस तरी डोकेदुखीची गोळी मलाच घ्यावी लागेल.

मी मनात त्या गाडीवाल्याचे आभार मानले आणि वाटलं, विषय संपला. पण यांच्या डोक्यात एकदा शिरलं की ते हातोडीने ठोकूनही बाहेर निघत नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही बाजारातल्या एका दुकानात जाऊन बसलो. चष्मे, भिंगं, कॅमेरे असलं सगळं तिथे होतं. दुकान चालवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, बारीक अंगाच्या आणि बारीक आवाजाच्या. त्यांनी विचारलं, काका, किती पैशांपर्यंतची बघायची? हे म्हणाले, "हो, चष्मा आहे मला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रक्कम सांगितली. त्यांना काय कळायचं ते कळलं, आणि त्या भल्या होत्या म्हणून त्यांनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

तिथून पुढे मी दुभाषी झाले. त्या सांगायच्या, मी यांच्याकडे तोंड करून जरा जाड आवाजात तेच पुन्हा सांगायचे, जणू मलाच ते घोकायचं होतं. दुर्बिणीवर आकडे लिहिलेले असतात, आठ बाय बेचाळीस, दहा बाय पन्नास असे. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या तोंडाचा. तोंड मोठं तेवढा उजेड जास्त आत येतो, सकाळ-संध्याकाळी बरं पडतं. पण पहिला आकडा मोठा हवा म्हणून हट्ट धरू नये, कारण चित्र मोठं होतं तशी हाताची थरथरही मोठी होते. खिशात मावणाऱ्या चिटुकल्या दुर्बिणी दिसायला गोड, पण झाडाच्या सावलीत अंधार दाखवतात. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवून घ्यायची. आधी मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला साफ करायचं, मग उजव्या डोळ्याचं कडं वेगळं फिरवायचं, कारण माणसाचे दोन डोळे सारखे नसतात.

"हे बरं केलंय," हे म्हणाले. "प्रत्येक चाकाची हवा वेगळी बघावी लागते." ते हातात घेऊन बिजागरी हलवून बघत होते, चाकात ढिलाई आहे का ते अंगठ्याने चाचपत होते. बऱ्याच दिवसांनी यांच्या हाताला यंत्र लागलं होतं. मला ते बघताना आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

शेवटी काउंटरवर दोन उरल्या. एक आठ बाय बेचाळीस, हलकी, काळी. दुसरी दहा बाय पन्नास, जुन्या घडणीची, वजनदार. किमतीत एकोणीस-वीसचा फरक. हे ती वजनदार घेऊन दारात उभे राहिले आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागले. तेवढ्यात बाई मला हळूच म्हणाल्या, "काकू, एक सांगते. काकांच्या हातात आहे ती लांबचं छान दाखवते, पण जवळचं दाखवत नाही. एक बस आडवी उभी राहील एवढं तरी अंतर मध्ये लागतं. अंगणातलं झाड बघायचं असेल तर ही दुसरी घ्या. हिच्यात चार पावलांवरचं फुलपाखरूसुद्धा साफ दिसतं."

यांनी वळून विचारलं, "काय म्हणतायत?"

मी यांच्याकडे पाहिलं. गळ्यात दुर्बीण, कपाळावर चष्मा चढवलेला, आणि चेहऱ्यावर नवीन गाडी दारात आल्यासारखी उत्सुकता.

"म्हणतायत, हिच्यातून लांबचं फार छान दिसतं," मी म्हटलं.

खोटं मी बोललेच नाही, फक्त अर्धं बोलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काउंटरच्या काचेकडे पाहिलं. बिल करताना त्या एवढंच म्हणाल्या, पटली नाही तर बदलून देईन, खोका टाकू नका.

पहिले काही दिवस मजेत गेले. हे सकाळी उठून गच्चीवर जायचे आणि सगळा परिसर पालथा घालायचे. त्या नव्या इमारतीच्या गच्चीवर कोणाच्या टाकीचा कॉक गळतोय ते यांना दिसलं, आणि हे जाऊन वॉचमनला सांगूनही आले. लांबच्या तळ्यावर लांब पायांचे पांढरे पक्षी दिसले. घार घरट्यात काड्या नेताना दिसली. हे खाली येऊन मला सगळं सांगायचे आणि मी ऐकायचे. जेवण बरं जायला लागलं होतं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, की बाई, अक्कल चालवलीस. पण रोज सांगून झालं की शेवटी म्हणायचे, "पंक्चर मात्र कुठंच नाही." आणि मागे तुतीवर तो द्वाड सीऽ सी करत असायचा. मी खिडकी लावून घ्यायचे, जसं काही खिडकी लावली की यांना ऐकू यायचं थांबणार होतं.

मग एका सकाळी हे गच्चीवर गेले नाहीत. मागच्या दारात उभे राहून तुतीकडे दुर्बीण लावली. मी ओट्यापाशी होते. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं, पण आवाज होऊ दिला नाही. कशासाठी, ते मलाच माहीत नाही.

यांनी मधलं चाक फिरवलं. दुर्बीण काढली, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, पुन्हा लावली. उजव्या डोळ्याचं कडं फिरवलं. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. पुन्हा पुसलं. मग दुर्बीण छातीवर सोडून दिली आणि नुसतेच हिरव्या पानांकडे बघत राहिले.

"माझे डोळेपण गेले वाटतं," हे म्हणाले.

डोळेपण. सगळं त्या एका 'पण'मध्ये होतं. कुकरच्या शिट्ट्या खोलताना, त्या इमारतीला शिव्या घालताना, गच्चीवर उन्हात उभं राहून गावभर पंक्चर शोधताना, या माणसाला माहीत होतं. मी यांना सांभाळत होते आणि हे मला सांभाळत होते, आणि आता माझ्या अर्ध्या वाक्यामुळे यांनी धड असलेले डोळेसुद्धा गमावल्यात जमा केले होते. मला स्वतःचा इतका राग आला, की मी ओले हात पदराला पुसत सरळ यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," मी म्हटलं. "ही दुर्बीण जवळचं दाखवत नाही. त्या बाईंनी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"पंक्चर दिसू नये म्हणून."

मला वाटलं, आता वळतील आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतील. पण यांनी विचारलं, "आहे तो?"

"आहे. गेलाच नव्हता कधी."

"आत्ता?"

"आत्ताही. तुमच्या डोक्यावर बसून कोकलतोय."

यांनी वर पाहिलं. पानं होती, नुसती पानं. मग दुर्बीण पुन्हा हातात घेतली आणि माझा नवरा मला म्हणाला, "किती मागं जावं लागेल?"

एक बस उभी राहील एवढं, असं बाई म्हणाल्या होत्या. आमचं घर म्हणजेच एक बस. मी बैठकीच्या खोलीचं दार सताड उघडलं, गॅरेजच्या दाराची कडी काढली, वाटेतली खुर्ची बाजूला ओढली आणि यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती हे काढायला तयार नव्हते. म्हणून मी यांचे दोन्ही खांदे मागून धरले आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडून, गाडी मागे घेताना, जे ऐकत आले तेच म्हणायला लागले. "येऊ द्या. येऊ द्या. अजून. डावीकडे मारा, टेबल आहे. सरळ करा. उंबरा आला, पाय उचला. येऊ द्या." मोठ्याने बोलत होते, यांना ऐकू जावं म्हणून, आणि आता ते लपवायचंही नव्हतं. हे एकेक पाऊल मागे टाकत होते, आणि यांचे खांदे हलत होते म्हणून मला आधी वाटलं रडतायत. पण हे हसत होते.

असे आम्ही स्वयंपाकघरातून बैठकीत आणि बैठकीतून गॅरेजमध्ये आलो. गॅरेज बंद होतं तसंच होतं, अंधार आणि ऑइलचा वास. पुढे तीन दारांच्या चौकटी एकात एक, आणि शेवटच्या चौकटीत उन्हात तुतीची फांदी.

"बस," हे म्हणाले. "बस, बस. थांब."

बोटाने चाक अगदी थोडं फिरवलं. आणि मग हे इतके स्तब्ध झाले की मी यांच्या खांद्यावरचे हात काढून घेतले.

"डोळ्याला पांढरं कडं आहे," हे म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चोच उघडतोय. गळा फुगतोय त्याचा. एवढासा गळा." मग विचारलं, "तुला ऐकू येतंय?"

"येतंय."

"रोज येत होतं?"

"रोज."

यांनी मान हलवली. दुर्बीण खाली घेतली नाही. "खरं सांगू? तो गेला असेल तर बरं, असं वाटायचं मला. तो गेला असता तर माझे कान धड होते. एवढंसं पाखरू बेघर झालं तर झालं, म्हणत होतो मी."

"आणि आता?"

"आता बरं वाटतंय की आहे." यांनी चाकावरचं बोट काढलं. "वाईटही वाटतंय. पण बरं जास्त वाटतंय."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, यांना ऐकू जाणार नव्हतंच, आणि त्या विचाराने मला रडता रडता हसू आलं. मी म्हटलं, उद्या जाऊन ही बदलून ती दुसरी आणू, आणि तिथूनच पुढे लेक म्हणते त्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. हे काही बोलले नाहीत. यांचं न बोलणं म्हणजे हो असतं, नाही म्हणायला हे कधी लाजत नाहीत.

"कसं करतोय गं?" यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? नेहमीसारखंच."

"करून दाखव की."

आयुष्यभर यांच्या या वेडाची टिंगल करत आलेली मी. त्या अंधाऱ्या गॅरेजात यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठ आवळून केलं: सी, सीऽ, सी. यांनी मान हलवली. मी पुन्हा केलं, जोर लावून. "नाही," हे हळूच म्हणाले. "तो आवाज नाही येत मला." दुर्बीण डोळ्यांवर तशीच होती आणि तिच्याखालून एक थेंब मिशीपर्यंत आला होता.

मी कानापासून जरा पुढे सरकले. ट्यूब गालाजवळून जशी हळूहळू न्यायची, तसं तोंड यांच्या गालाजवळून नेत राहिले, तिकडे तुतीवर तो जेव्हा जेव्हा ओरडेल तेव्हा तेव्हा, त्याच्याबरोबर. सी, सीऽ, सी. कानाच्या पाळीपाशी काही नाही. जबड्यापाशी काही नाही. मग गालाच्या हाडाखाली, जिथे तो थेंब वाहून ओलं झालं होतं तिथे माझी फुंकर लागली, आणि यांनी एक हात वर करून मला थांबवलं.

"सापडलं," हे म्हणाले, आणि खडू नव्हता म्हणून त्या जागी बोट ठेवलं.